गोदामांतील जुन्या फोर्कलिफ्टचे टायर : खिळ्याकांट्यास न जुमानणारे कोणते घ्यावेत?

वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीनची काढणी जवळजवळ एकाच सुमारास येते. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतच्या त्या दिवसांत गोदामाच्या दारांत ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, आणि नेमकें तेव्हांच फोर्कलिफ्टचें पुढचें चाक बसतें. चालक खालीं उतरून चाकाकडे पाहत राहतो, हमाल तंबाखू मळीत बसतात, आणि ज्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याचा असतो त्याचें भाडें तासागणिक चढत जातें. ज्यांच्या संस्थेपाशीं ही गाडी आहे त्यांपैकीं बहुतेकांस हा अनुभव आला असेल.

फोर्कलिफ्ट म्हणजे पुढें दोन लोखंडी सुळे असलेली, माल उचलून थप्पीवर ठेवणारी गाडी. आपल्याकडे ती बहुधा एखाद्या कारखान्यांत दहा-पंधरा वर्षें राबून मग विक्रीस निघालेली अशी येते. घेतांना इंजिन, साखळी, तेलाच्या नळ्या हें सर्व पाहिलें जातें. टायरांविषयीं मात्र “अजून चालतील” एवढ्यावरच व्यवहार होतो. पुढें खर्च होतो तो तेथेंच.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून होता. यंत्रविद्या त्यानें शिकलेली नाहीं. निवृत्तीनंतर एका गोदामाची किर्द लिहिण्याचें काम अंगावर आलें, आणि ‘किरकोळ दुरुस्ती’ या सदराखालील तेरीज डोळ्यांत खुपूं लागली. सदर फोडून पाहिलें तों त्यांतील बराच पैसा टायर, ट्यूब व पंक्चर यांवर गेलेला. तेव्हांपासून दर पंक्चराची तारीख, चाक कोणतें, भोंक कशानें पडलें आणि गाडी किती वेळ उभी राहिली, या चार गोष्टी एका वहींत टिपून ठेवण्याचा प्रघात पाडला. पुढें जें सांगावयाचें आहे त्यांतील कांहीं त्या वहीनें शिकविलें, कांहीं जाणत्या मिस्त्री लोकांनीं.

भरीव टायर कीं हवेचा, हा प्रश्न आपल्या लोकांस नवा नाहीं. लांकडी चाकावर लोहार धांव चढवीत असे ती तापवून. लाल झालेली धांव चाकावर बसवावी, वर पाणी ओतावें, म्हणजे लोखंड आकसून चाकास आवळून धरी. त्या धांवेस बाभळीचा कांटा काय करणार? परंतु दगडावरून गेलेल्या चाकाचा प्रत्येक हिसका आंसास, साटीस आणि बैलांच्या मानेस पोंचे, आणि पावसाळ्यांत ती अरुंद धांव काळ्या मातींत रुतून बसे. हवेच्या टायराचें पेटंट रॉबर्ट टॉमसन यानें १८४५ सालीं घेतलें होतें. पण तो व्यवहारांत आणला बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यानें १८८८ सालीं, तोही आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां. पुढें त्याच नांवाचे टायर बैलगाडीस लागले आणि तसल्या गाडीस लोक ‘डनलॉप गाडी’ म्हणूं लागले. ओढ हलकी झाली, बैलांचे खांदे वांचले, पण पंक्चराचा जांच मागें लागला. धांवेचा गुण आणि हवेचा गुण एकाच चाकांत पुरेपूर मिळत नाहीं. फोर्कलिफ्टचा टायर निवडतांना प्रथम हें मनांत धरून चालावें.

आतां या गाडीची घडण पाहूं. ती तागडीसारखी आहे. पुढचा आंस हा तागडीचा कांटा. त्याच्या पुढें माल आणि मागें लोखंडाचें ओतीव वजन. अडीच टन उचलणाऱ्या डिझेलच्या गाडीचें स्वतःचें वजन साधारण साडेतीन ते चार टन असतें. गाडी रिकामी असतां निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकांवर असतो. पुरा माल उचलला कीं भार पुढें येतो, आणि माल व गाडी मिळून सहा-सव्वासहा टनांपैकीं सुमारें साडेपांच टन पुढच्या दोन चाकांवर पडतात. म्हणजे एकेका टायरावर पावणेतीन टन. यामुळें त्यांत हवेचा दाबही फार मोठा ठेवावा लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत १५-२० पौंड हवा भरणाऱ्या माणसानें हें लक्षांत ठेवावें कीं, फोर्कलिफ्टच्या पुढच्या टायरांत ती बहुधा १०० पौंडांहून अधिक असते. शिवाय या गाडीस मोटारीप्रमाणें कमानी नसतात. जमिनीचा खड्डा आणि चालकाचें कंबरडें यांच्यामध्यें टायराखेरीज दुसरें कांहीं नसतें. मागचीं चाकें वळणारीं. जागच्या जागीं वळवल्यानें तीं भोंकापेक्षां घांसल्यानेंच अधिक झिजतात.

टायर विकत घेण्यापूर्वीं भोंक पाडतें कोण, याचा शोध करावा. आमच्या वहीप्रमाणें पहिला मान लाकडी पाटांच्या खिळ्यांचा. ज्या पाटांवर पोतीं रचून गाडीनें उचलतात (बाजारांत त्यांस पॅलेट म्हणतात) त्यांची फळी तुटते, खिळा वर निघतो, आणि पुढचें चाक नेमकें त्यावरून जातें. त्याखालोखाल पत्र्याचे तुकडे व बांधणीची तार. कारंजाकडील जिनांत जेथें कापसाच्या गठाणी हलवाव्या लागतात, तेथें गठाणीच्या तुटलेल्या लोखंडी पट्ट्या व तारा टायराची कूस चिरतात. भोंक बुजवितां येतें, चिरलेली कूस बुजवितां येत नाहीं. बाभळीचा कांटा आवारांत असतो, गोदामाच्या आंत क्वचित्. सबब आंतील व बाहेरील पंक्चरें वहींत वेगळीं मांडावींत. आमच्याकडे खिळ्यांचा मान वर आल्यावर पहिली खरेदी टायराची केली नाहीं, लांकडी पट्टीस चुंबकें बसवून ती गाडीच्या मागें जमिनीपासून दोन बोटें वर टांगली. रोज संध्याकाळीं तिला चिकटलेला ऐवज पाहून हमालांचीही करमणूक होते. कांटा चुंबकास चिकटत नाहीं हें खरें. त्यास झाडूच पाहिजे.

एवढें करूनही ज्यांचीं पंक्चरें थांबत नाहींत त्यांच्यापुढें चार-पांच मार्ग असतात.

हवेचाच टायर, पण जाड पडद्यांचा, हा पहिला. टायरावर १० पी.आर., १४ पी.आर. असे अंक असतात. पूर्वी ते कापडाच्या थरांची संख्या सांगत. आतां ते केवळ बळकटीचें माप आहे, आंत तितके थर मोजूं गेल्यास सांपडणार नाहींत. अधिक अंकाचा टायर अधिक दाब व भार सोसतो, आणि बारीक कांट्यास थोडी अटक करतो. इंचभर खिळ्यास करीत नाहीं. ट्यूब व रिम यांच्यामध्यें बसणारी रबरी पट्टी, जिला फ्लॅप म्हणतात, ती फाटलेली असेल तर नवी ट्यूबही आंतून फुटते. मिस्त्री पुष्कळदा ती जुनीच ठेवतात. ती मागून बदलून घ्यावी.

दुसरा मार्ग टायरांत घालावयाच्या औषधी रसाचा. मोटारसायकलीस तो उपयोगी पडतो म्हणून लोक फोर्कलिफ्टांतही ओततात. हा रस तळव्याचें बारीक भोंक बुजवितो, कुशीचें नाहीं. आणि १०० पौंडांच्या दाबाखालीं तो भोंकांत टिकेलच याचा भरंवसा देतां येत नाहीं. आमच्या मतें हा पैसा वायां.

तिसरा, हवेच्या जागीं दोन द्रव मिसळून भरणें. वाल्व्हांतून आंत सोडलेला तो द्रव घट्ट रबरासारखा होतो आणि टायर आंतून भरीव बनतो. खिळा रुतला तरी हवाच नसल्यानें कांहीं होत नाहीं. पण टायर फार जड होतो, आणि वरचें रबर झिजलें म्हणजे आंतील महाग मालही टायराबरोबर कापून टाकावा लागतो. नव्या टायरांत भरल्यास परवडेल. अर्धा झिजलेल्या टायरांत भरणें म्हणजे फुटक्या घागरीस कल्हई करणें होय. दगडगोट्यांच्या खाणींत हा उपाय शोभतो. भुसार मालाच्या गोदामास त्याची जरुरी क्वचितच लागते.

चौथा मार्ग खरोखर विचारांत घेण्यासारखा आहे. हवेच्या टायराच्याच आकाराचा, त्याच रिमवर बसणारा भरीव रबरी टायर मिळतो. दुकानांत त्यास नुसतें ‘सॉलिड’ म्हणतात. चांगल्या बनावटीचा असल्यास त्यांत तीन थर असतात: रिमला घट्ट धरणारा कठीण थर व त्यांत पोलादी तारांचीं कडीं, मध्यें हिसका सोसणारा मऊ थर, आणि वर झिजेला टिकणारा थर. खिळा, पत्रा, तार यांपैकीं कशाचीही पर्वा नाहीं. हवा भरावयाची नाहीं, दाब पाहावयाचा नाहीं. स्वस्त मालांत मधला मऊ थर नसतो. तो टायर विकत घेणारास नाहीं तरी चालकाच्या पाठीस ताबडतोब कळतो.

पांचवा प्रकार, पोलादी कड्यावर रबर चढवून तें कडें चाकावर दाबून बसविलेला, हा आपल्या धांवेचा सख्खा भाऊ. तो ज्या गाडीकरितां मुळांत घडविला आहे तिलाच बसतो. आपली गाडी हवेच्या टायराची असेल तर त्याच्या नादीं लागूं नये. पांढऱ्या रबराचे, फरशीवर डाग न पाडणारे टायरही मिळतात. पोत्यांच्या गोदामास त्यांचें प्रयोजन नाहीं.

मग ‘सॉलिड’ सर्वांनींच घ्यावेत काय? तसें नाहीं. गोदामाची जमीन काँक्रीटची, आवार फरसबंद, आणि गाडीचा फेरा दाराच्या आंत-बाहेर पन्नास-साठ पावलांचा, अशा ठिकाणीं ते घ्यावेत असें स्पष्ट मत आहे. परंतु ज्यांचें आवार मुरमाचें व खड्ड्यांचें आहे, पावसांत काळ्या मातीचा चिखल होतो, त्यांनीं आधीं आवारावर पैसा घालावा. भरीव टायर जमिनीवर कमी पसरतो, त्यामुळें मऊ जागेंत लवकर रुततो. आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का आंसाच्या बेअरिंगास, उचलणीच्या साखळीस व चालकाच्या मणक्यास पोंचवितो. नव्या गाडीचे सांधे तें सोसतील. जुन्या गाडीचे सांधे आधींच खिळखिळे असतात. भरीव टायर चढविण्यापूर्वीं चारही चाकें जॅकवर उचलून हातानें हलवून पाहावींत. चाक डुगडुगत असेल तर बेअरिंग आधीं, टायर मागून. आणखी एक गोष्ट, भरीव रबरांत चालतांना उत्पन्न होणारी उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं. म्हणून अशी गाडी एका गोदामाहून चार-पांच कोसांवरील दुसऱ्या गोदामास रस्त्यानें चालवीत नेऊं नये. आंतील रबर तापून सुटतें. ट्रकावर चढवून न्यावी.

यापुढील गोष्ट थोडी लाजेची आहे, पण सांगितलीच पाहिजे. एका हंगामांत पुढचा डावा टायर कायमचा गेला. दोन घेण्याइतके पैसे त्या महिन्यांत मंजूर नव्हते. एका दुकानदारानें सांगितलें कीं, एक सॉलिड बसवा, दुसरा पुढच्या महिन्यांत घ्या. प्रस्तुत लेखकानें खर्च निम्मा झाला म्हणून समाधानानें सही केली. दुसऱ्याच दिवशीं चालक मेजापाशीं येऊन उभा राहिला.

“भाऊसाहेब, वर नेलं कीं थप्पी उजवीकडे कलते.”

“अरे, तुझ्या डोळ्यांचा भास असेल.”

“भास कशाचा? एकदा खालीं उभं राहून पाहा. पण लांबून पाहा बरं.”

लांबून पाहिलें. डावा टायर नवा व भरीव, उजवा झिजलेला व हवेचा. भार येतांच उजवा आणखी दबे. दोन्ही बाजूंच्या उंचींत फरक होता एका बोटाइतका, फार तर दीड सेंटिमीटर. हिशेब सोपा आहे. पुढच्या दोन चाकांतील अंतर एक मीटर धरलें, आणि माल चार मीटर उंच नेला, तर खालचा एक सेंटिमीटरचा फरक वर चार सेंटिमीटर होतो, दीडाचे सहा. त्यांतच पोतीं एका अंगास घसरलीं तर तागडी कोठें जाईल हें सांगावयास नको. त्या थप्पीखालून हमाल ये-जा करीत होते. गाडी त्याच क्षणीं उभी केली, आणि दुसरा टायर येईपर्यंत आठ दिवस माल पाठीवर वाहिला. सबब एका आंसावर एक भरीव व एक हवेचा, किंवा एक नवा व एक झिजलेला, असें कदापि करूं नये. पुढची जोडी एकदम बदलावी. शक्य तर चारही. पैसे कमी असल्यास दोन्ही हवेचेच घ्यावेत, पण जोडी मोडूं नये.

याहूनही जिवावरची बाब रिमची आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या रिम दोन अर्धुकांच्या असून तीं अर्धुकें बोल्टांनीं एकमेकांस जोडलेलीं असतात. कांहींत काढघाल करतां येणारी लोखंडी कडी असते. चाक आंसावरून काढण्याचे नट वेगळे आणि अर्धुकें जोडणारे नट वेगळे. नवशिका मुलगा घाईंत दुसरे नट ढिले करतो, आंत १०० पौंडांची हवा कायम असते, आणि रिमचें अर्धुक तोफेच्या गोळ्यासारखें उडतें. यांत माणसें दगावतात. नियम असा कीं, चाक गाडीवरून उतरविण्याच्या आधींच वाल्व्हची गाभ्याची सुई पूर्ण काढून हवा सोडावी, भोंकांतून बारीक तार घालून तें तुंबलेलें नाहीं हें पाहावें, आणि मगच पान्यास हात लावावा. परत हवा भरतांना चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें, नळी लांब असावी, आणि कोणीही चाकाच्या समोर उभें राहूं नये. ज्या दुकानांत पिंजरा नाहीं तेथें हें चाक देऊं नये, मग तें दुकान कितीही जवळचें असो. भरीव टायर घेतल्यानें ही हवेची भीतीच उरत नाहीं, आणि प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण हाच. मात्र तो हातोडी-पहारीनें बसत नाहीं. मोठ्या दाबयंत्रानें बसवावा लागतो. तें यंत्र लहान गांवीं नसतें. आधीं चौकशी करून चाकेंच तेथें पाठवावींत, आणि हें काम उन्हाळ्यांत, गोदाम रिकामें असतां उरकावें.

आतां पैशाचा विचार. भाव गांवोगांव व महिन्यागणिक निराळे, म्हणून येथें नुसती रीत दाखवितों. समजा, हवेच्या पुढच्या जोडीपेक्षां भरीव जोडीस १६,००० रुपये अधिक पडतात. समजा, एका पंक्चरामुळें दुरुस्ती, बसून राहिलेले हमाल आणि खोळंबलेल्या ट्रॅक्टरांचें भाडें मिळून २,५०० रुपये जातात. तर टायराच्या आयुष्यांत सात पंक्चरें टळलीं कीं वरचा खर्च भरून निघाला. भाडें संस्थेच्या किर्दींत दिसत नाहीं, तें शेतकऱ्याच्या खिशांतून जातें. म्हणून पुष्कळ पंच मंडळी तें हिशेबांत धरीत नाहींत. तें धरावें, कारण गोदाम त्याचेंच आहे. दुसऱ्या बाजूनें, गाडी वर्षाकाठीं ३०० तास चालत असेल आणि टायर २,००० तास टिकणारा असेल, तर तो सहा-सात वर्षें पुरेल. गाडीच तितकीं वर्षें राहणार आहे काय, हें पाहावें. येत्या दोन वर्षांत मोडींत निघणाऱ्या गाडीस साधा हवेचा जोडच पुरे.

दुकानीं जातांना जुन्या टायरावरील अंक कागदावर उतरून न्यावेत. ७.००-१२ याचा अर्थ टायर सुमारें ७ इंच रुंद व रिम १२ इंच व्यासाची. २८×९-१५ असें लिहिलें असल्यास बाहेरील व्यास २८ इंच, रुंदी ९ आणि रिम १५. हेंच माप कांहीं बनावटींवर ८.१५-१५ असें येतें, त्यानें गोंधळूं नये. गाडीवरील पत्र्यावर किती भार किती अंतरावर उचलावा हें कोरलेलें असतें, तोही अंक दुकानदारास सांगावा. टायराच्या कुशीवर चार अंकी तारीख असल्यास ती वाचावी: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. रबर दुकानांत पडून राहिल्यानेंही कडक होतें व चिरतें. चार-पांच वर्षांचा माल नव्याच्या भावानें घेऊं नये. कित्येक भरीव टायरांच्या कडेस गोल रेघ असते. झीज त्या रेघेस पोंचली कीं टायर संपला, मग वर कितीही रबर दिसो. उतरविलेले जुने टायर आवारांत टाकूं नयेत, त्यांत पाणी सांचून डांस होतात.

नवी जोडी चढविल्यावर चाकांचे नट समोरासमोरचे असे पाळीपाळीनें आवळावेत, एका बाजूनें ओळीनें नव्हे. पहिल्या दिवसाचें काम संपल्यावर ते पुन्हां एकदां पान्यानें पाहावेत, कारण नवें चाक भाराखालीं बसतें आणि नट थोडे ढिले पडतात. आमच्या चालकानें तें न सांगतां केलें, तेव्हां सहापैकीं दोन नट अर्धा अर्धा फेरा फिरले.